मी करतो तसं करा

८ सप्टेंबर
आजपासून शिस्त. पहाटे पाचला रियाज. (उठलो साडेआठला. ओल्या हवेत तबला तसाही उतरलेलाच असतो.)
दुर्गा मॅडमनी गावातल्या त्यांच्या नर्सरीत ताल शिकवायला बोलावलंय. मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, सांगितलं. ते म्हणाले, कायले लेकरायचा जीव खाता, जवाईबापू? मग मुदत दिली. दवनीवाड्याच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, नाटकाआधी, पोरांनी स्टेजवर ताल धरला तर माझं संगीत चालू. नाही तर त्यांच्या राईस मिलमध्ये वजनकाट्यावर बसायचं.
मी हो म्हटलं. घरजावई दुसरं काय म्हणणार? पण मी आत्मविश्वासाने म्हटलं.

११ सप्टेंबर
पहिला तास. वय तीन ते पाच. थेट तीनताल. पाया भक्कम हवा. सम म्हणजे पहिली मात्रा, तिथे सगळ्यांची टाळी एकत्र पडली पाहिजे, हे समजावलं. सम आली तेव्हा दोघं सू करायला गेले होते, एक खडू खात होता. रोशन झोपला. मात्र लयीत घोरत होता.

१९ सप्टेंबर
पोरांना पाचच्या पुढे मोजता येत नाही. तीनतालाला सोळा मात्रा. हे मॅडमनी आधी सांगायला हवं होतं.
नवी मेथड काढली. मोजायचं नाही, माझ्याकडे बघायचं. काहीही झालं तरी मी करतो तसं करायचं. पेटंटचं बघावं का?
रोशनने तबल्यावर पाणी ओतलं. मी कपाळावर हात मारून 'हट् बे!' म्हणालो. शिक्षकाला शोभत नाही. उद्यापासून बंद.

२० सप्टेंबर
हट् बे बंद होतं. प्रार्थना संपेपर्यंत.

६ ऑक्टोबर
बायकोने, मंजूने, खिडकीतून तास पाहिला. म्हणाली, टाळी कमी अन् कपाळच जास्त बडवून राहिले तुम्ही. तिला शास्त्रीय संगीतातलं काही कळत नाही. बिचारी.

२५ ऑक्टोबर, दुपारी ३
आज मंडई. दंडारीचा नाच संपला की आमचा नंबर. मामाजी पाहुण्यांसोबत पहिल्या रांगेत बसणार. बसू दे. तयारी नव्वद टक्के.

२६ ऑक्टोबर
काल काय झालं ते नीट लिहितो, कारण गाव भलतंच सांगत सुटलंय.
पोरं ओळीत उभी. मी समोर. पहिली टाळी पडायच्या आत माइक किंचाळला. माझा हात सवयीने कपाळावर गेला. हट् बे! अख्ख्या नर्सरीने कपाळावर हात मारला. हट् बे! मी घाबरून पुन्हा मारला. त्यांनीही. एकही पोर मागेपुढे नाही. शिट्ट्या, वन्स मोर. पाहुणे मामाजींकडे बघून हसत होते. मामाजी हसत नव्हते.
पण पोरांना सम सापडली, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही! फार वाईट वाटलं.

१० नोव्हेंबर
राईस मिल. तात्पुरतं. काट्यावर बसतो. नव्या धानाची गर्दी. मिलचा पट्टा बेताल फिरतो, हे मामाजींच्या कानावर घातलं.
सकाळी नर्सरीचा ऑटो समोरून गेला. पोरांनी मला पाहिलं आणि सगळ्यांनी एकदम कपाळावर हात मारला. बरोबर समेवर. ऊर भरून आला.
मामाजींना दाखवायला वळलो. गल्ल्यावर बसल्या बसल्या त्यांचाही हात कपाळावर होता. पोरांच्या अगदी सोबत पडलेला.
त्यांना मात्र मी शिकवलेलं नाही. त्यांना हे आमच्या लग्नापासून येतं.