चार बोटांची पट्टी

मंगळवार, ता. ९

चि. भाऊजींस वहिनीचे आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक, तिकडचंही देव ठीक ठेवो.

पार्सल काल पोचलं. रेशमी रुमाल बारा, झालरीचा टेबलक्लॉथ एक. तिकिटं कमी लावली होतीत, सहा रुपये मला भरावे लागले. जादूगाराला सगळं गायब करता येतं, टपालखर्च तेवढा येत नाही.

दोन रुमाल आता बाद करा. मुठीत चुरगाळून सोडले की उमलत नाहीत, मेल्यासारखे पडून राहतात. बाकीचे कोमट पाण्यात धुतले, न पिळता सावलीत वाळवले. पेटीत डांबरगोळ्या ठेवत जाऊ नका, पहिल्या रांगेपर्यंत वास जातो. तुमचे दादा असते तर कान धरून सांगितलं असतं.

आता मोठ्या काळ्या कापडाचं. तुम्ही लिहिता, "वहिनी, चिमी आत उभी असते तोवर कापड बरोबर बसतं. ती स्टेजच्या चोरदारातून खाली उतरली की काठ चार बोटं वर उचलला जातो. जोडायला तेवढी पट्टी पाठवा. बाकी आकार इतका झकास कधी उभा राहिला नव्हता. लोक म्हणतात, खांदे श्वास घेतल्यागत हलतात."

पत्र तीनदा वाचलं. जपाला बसले, तर माळ दोनदा चुकली.

भाऊजी, माझ्या हातून एक चूक झालीय. गेल्या महिन्यात ते कापड धुवायला आलं, तेव्हा गंज लागू नये म्हणून डोक्या-खांद्यांचा आकार धरून ठेवणारी तार मी उसवून काढली होती. परत शिवायची राहिली. ती इथे खुंटीला आहे. तुम्ही हातमोजे घालून कापड धरता, म्हणून कळलं नसेल. म्हणजे लेक उतरल्यावर आत काहीच उरत नाही, आणि असे पाच खेळ झाले.

खोटं कशाला सांगू, आधी बरं वाटलं. म्हटलं, हेच असतील. गेल्यावरही लेकीला एकटं सोडवत नसेल. चिमीनेही लिहिलं होतं, "आई, खाली उतरताना हल्ली कोणीतरी डोक्यावर हात ठेवतं."

पण त्या चार बोटांनी हिशेब मोडला. हे चिमीपेक्षा बुटके. दोरीवर रुमाल वाळत घालायचे तर स्टूल लागायचं. त्यांच्यासाठी कापड वाढवायची वेळ आली नसती.

पट्टी पाठवत नाही. तारही नको. शुक्रवारी तो प्रयोग गाळा, प्रेक्षकांनी कितीही आरडाओरडा केला तरी. चिमीला कापडाखाली जाऊ देऊ नका, तिने हट्ट केला तरी. विशेषतः हट्ट केला तर.

कापडाची घडी तुम्ही स्वतः घाला, हातमोजे काढून. वर फळी ठेवा. घडी सपाट बसली का, एवढंच उलट टपाली कळवा.

तुमची वहिनी, पण आधी चिमीची आई