डेल्फिना नाही म्हणाली

सान आगुस्तिन, तब्लास बेट
सोमवार, जेवणं आटोपल्यावर

प्रिय मानांग बिसिंग,

थोरल्या बहिणीचा मान म्हणून तुझा उजवा हात इथूनच कपाळाला लावतो. आशीर्वाद दे आणि मग वाच. गुडघे कसे आहेत? मनिलातल्या नवऱ्या मुलींचे झगे शिवणं कमी केलंस, की अजून डोळे फोडून घेतेयस? इकडे आम्ही बरे आहोत. नानायला एक्क्याण्णवावं लागलं. दात चार उरलेत, आवाज मात्र पूर्वीचाच आहे. दर शुक्रवारी ती दुकानात येते आणि स्वतःच्या कबरीचा दगड तपासते. (तिच्याच हट्टापायी मी तो सहा वर्षांपूर्वी कोरून ठेवलाय, फक्त शेवटची तारीख बाकी आहे.) गेल्या महिन्यात म्हणाली, "माझं जन्मसाल पुसून टाक, लोकांना काय करायच्यात नसत्या चौकशा!" चाळीस वर्षं संगमरवर कोरतोय मी, पण संगमरवरावरचं पुसता येत नाही हे काही आईला पटवता आलं नाही. शेवटी त्या आकड्यावर एक गुलाबाचं फूल कोरलं. आता खूश आहे.

बातमी आधीच सांगून टाकतो, नाहीतर तू सवयीप्रमाणे शेवटचं पान आधी वाचशील. परवाना मिळाला! बालिनसासायाव एअरला विमान उडवायचा परवाना मिळाला! सही, शिक्का, सगळं सगळं. गेल्या मंगळवारपासून मी रात्री नीट झोपतोय आणि सकाळी उठून उगाचच हसतोय. शेजारी म्हणतात, क्रिस्पुलोचं डोकं फिरलं. फिरू दे. साडेचार वर्षं ते जाग्यावर होतं, त्याचा काय उपयोग झाला?

मी हे शेअर घेतले तेव्हा तू फोनवर मला गाढव म्हणाली होतीस, ते मी विसरलेलो नाही. पण का घेतले ते तुला ठाऊक आहे. अकरा वर्षांपूर्वी तुझं जहाज कलंडलं, चार तास तू कुणाचातरी झुंजीचा कोंबडा मांडीवर घेऊन तिरकी बसून राहिलीस, आणि किनाऱ्याला लागल्यावर शपथ घेतलीस की पुन्हा म्हणून जहाजावर पाय ठेवणार नाही. शपथ घ्यायला काय जातं! तू मनिलात, नानाय इथे, आणि मध्ये समुद्र. तिचा एकच धोशा: "बिसिंग येऊन माझा शेवटचा झगा शिवल्याशिवाय मी त्या दगडाखाली जायची नाही." तुझं हाताचं शिवणयंत्र तिने चादरीखाली झाकून ठेवलंय, रविवारी पुसते. कापडही आणून ठेवलंय. मनातून मला वाटायचं, बाई गं, नाही गेलीस तर उत्तमच. पण मानांग, मी कबरींचेच दगड कोरतो. वाट बघता बघता माणसं कशी जातात ते मला रोज कोरावं लागतं. म्हणून जेव्हा कळलं की आपल्याच बेटावरच्या लोकांची विमान कंपनी निघतेय, पाच हजार पेसोला एक शेअर, तेव्हा मी दुकानामागची डुकरं विकली आणि आठ घेतले.

त्यानंतर सुरू झालं वाट बघणं. विमान आलं, एकोणीस जणांचं, दोन पंख्यांचं, जुनं पण देखणं. (नाव एवढं लांब की रंगारी 'बालिनसा' लिहून शेपटापर्यंत पोचला आणि उरलेलं दुसऱ्या बाजूला लिहिलं.) आम्ही चारशे बारा भागीदार दर रविवारी मिस्सेनंतर धावपट्टीवर जाऊन ते बघायचो. कोणी काच पुसायचं, कोणी चाकाला हात लावून नमस्कार करायचं. फादरनी चार वेळा पवित्र पाणी शिंपडलं, पाचव्यांदा म्हणाले, आता गंजेल. पण परवाना नाही! मनिलाचं विमान खातं एक कागद मागायचं, आम्ही दोन पाठवायचो, मग ते तिसरा मागायचे. नियमांची अकरा पुस्तकं लिहावी लागली. एकात आग लागल्यावर काय करायचं ते होतं, पण पूर आल्यावर काय ते नव्हतं. ते लिहिलं. जहाजाची तिकिटं विकणारा फ्लोरो रोज दुकानासमोरून जाताना विचारायचा, "काय पुलो, कोंबडीनं अंडं दिलं का?" मी छिन्नीवर हातोडा जोरात हाणायचो. त्या काळात मी कोरलेली अक्षरं जरा जास्तच खोल आहेत.

तर मार्चमध्ये कळलं की शेवटची परीक्षा आली. खात्याच्या तपासनीस मिस काबाहुग स्वतः विमानात बसणार, तब्लासहून मनिला आणि परत. प्रवासी न्यायचे नाहीत, त्यांच्या जागी वजनापुरत्या वाळूच्या गोण्या ठेवायच्या. हे ऐकून गावात काय झालं असेल, तू तर इथलीच आहेस, तूच ओळख! विमान मनिलाला चाललंय, रिकाम्या खुर्च्या आहेत, आणि प्रत्येकाचं कुणी ना कुणी मनिलात आहे. रिकाम्या हाताने कुणाला पाठवायचं ही आपल्या बेटाची रीत आहे का? आमचा वैमानिक कॅप्टन नोनिलो अर्ध्या गावाचा धर्मपुत्र. त्याला कुणी म्हणालं, "बाळा, एवढंच, खुर्चीखाली ठेव." दुसरं म्हणालं, "हे तर काहीच नाही, चिमूटभर." चिमूटभर म्हणजे काय, तर संगमरवर! आपल्या गावात दुसरं काय असतं भेट द्यायला? कुणाचा खलबत्ता, कुणाचा संत योसेफ, शाळेच्या बाईंचं तर हात धुवायचं अख्खं भांडं. नोनिलोला निनांगला, म्हणजे बाप्तिस्म्यात त्याला हातात धरणाऱ्या बाईला, नाही म्हणता येईना. अशा त्याला एकवीस निनांग आहेत.

माझं पण सांगून टाकतो. तुझा जुना खलबत्ता फुटल्याचं तू लिहिलं होतंस, म्हणून मी नवा घडवला आणि एका गोणीतली वाळू काढून त्यात पुरला. पण मी तेवढ्याच वजनाची वाळू काढली, हाताने तोलून. मी काही अडाणी नाही.

मिस काबाहुग आल्या. शिडशिडीत बाई, चष्मा, ओठ घट्ट. आम्ही त्यांच्यासाठी एक डुक्कर भाजलं होतं. त्यांनी पिशवीतून उकडलेलं अंडं आणि भात काढला आणि झाडाखाली एकट्या जेवल्या.  मग उठून विमानाभोवती एक फेरी मारली, आणि पुढच्या चाकाशी थांबल्या. चाक जमिनीला जेमतेम टेकलं होतं, शेपूट खाली बसलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "सगळं बाहेर काढा." मग काय सांगू! खोबरं तोलायचा मोठा काटा आणला, आणि एकेक पुडकं उघडून, वर लिहिलेलं नाव मोठ्याने वाचून तोललं. दोनशे बारा किलो! नगरसेवक एलीसेओच्या पुडक्यावर मनिलातल्या एका बाईचं नाव निघालं, जी त्याची बायको नव्हती. त्याची खरी बायको माझ्या शेजारी उभी होती. आणि एक संगमरवरी कोंबडा निघाला, त्यावर लिहिलेलं: प्रेषक, फ्लोरो! मग त्याने कबूल केलं, जहाजवाल्या फ्लोरोचेही आमच्यात सहा शेअर, गुपचूप! मी एवढा संतापलो होतो, तरी तेव्हा हसू आवरेना.

माझी गोणी मात्र काट्यावर तंतोतंत उतरली. मिस काबाहुगनी तिच्यात हात घातला, खलबत्ता बाहेर काढला, मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "ही गोणी कोणी भरली?" मी हात वर केला. म्हणाल्या, "वजन बरोबर आहे. बाकी सगळं चूक आहे." आणि परीक्षा तीन महिने पुढे ढकलली. जाताना एक अट घातली: सामान तोलायला असा माणूस ठेवा जो नाही म्हणू शकेल. कुणालाही.

आता असा माणूस या बेटावर कुठून आणायचा? सगळा गाव एकमेकांचा मामा, मावशी, नाहीतर कुंपारे, म्हणजे मुलांचा धर्मबाप. तीन जण ठेवले, तिघांनी पहिल्याच दिवशी स्वतःच्या सासूचं पुडकं जाऊ दिलं. शेवटी फादरांची भाची डेल्फिना उभी राहिली. आठवते ना? लाजाळूचं झाड. आठवड्यातून चार वेळा रडणारी. लोक म्हणाले, झालं, शेअर गेले पाण्यात. पण पोरीने मनावर घेतलं. रोज संध्याकाळी माझ्या दुकानात यायची आणि कबरींच्या दगडांसमोर उभी राहून सराव करायची. "नाही, तातांग. नाही, आजी. नियम आहे, माफ करा." मेलेली माणसं वाद घालत नाहीत, त्यामुळे तिला धीर आला. महिन्याभरात आवाज थरथरायचा थांबला.

गेल्या मंगळवारी मिस काबाहुग परत आल्या. म्हणाल्या, आज सगळ्या भागीदारांनी जमेल ते चोरून न्यायचा मनापासून प्रयत्न करायचा. मानांग, आपल्या लोकांना असा हुकूम याआधी कुणी दिला नव्हता. कुणी गाऊनखाली, कुणी छत्रीत, फ्लोरोने तर खऱ्याच कोंबड्याच्या टोपलीत लपवलं. डेल्फिनाने सगळं पकडलं. प्रत्येकाला तेच: नाही, नियम आहे, माफ करा. मी सांगतो, दीड तास आम्ही सगळे उन्हात रांगेत उभे होतो.

आणि शेवटी रिक्षातून नानाय उतरली. तिला परीक्षेचं काही ठाऊकच नव्हतं, कारण मीच सांगितलं नव्हतं. तिने फक्त ऐकलं होतं की विमान मनिलाला चाललंय. हातात चादरीत गुंडाळलेलं तुझं शिवणयंत्र. ते तिने धाडकन काट्यावर ठेवलं. म्हणाली, "बिसिंग यंत्राकडे येत नाही, तर यंत्र बिसिंगकडे जाऊ दे. झगा तिकडेच शिवेल. मी थकले वाट बघून." मानांग, साडेचार वर्षांत ती थकल्याचं एकदाही म्हणाली नव्हती.

डेल्फिनाने काटा बघितला. "नानाय, अकरा किलो आहे. नेता येत नाही."

"अगं, मी तुझी निनांग आहे! बाप्तिस्म्याला तुला मी धरलं होतं, तू माझ्या ब्लाऊजवर ओकली होतीस!"

"हो, निनांग."

"मग?"

डेल्फिनाच्या गालांवरून पाणी वाहत होतं.  मला एकीकडे वाटत होतं, म्हण गं बाई नाही, आणि दुसरीकडे वाटत होतं, माझ्या आईला काय नाही म्हणतेस! पोरीने नाक पुसलं आणि म्हणाली, "नाही, निनांग. नियम आहे. माफ करा."

नानायने तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "या बेटावर एक तरी शहाणी निघाली." आणि यंत्र परत रिक्षात ठेवायला लावलं. मिस काबाहुगनी वहीत काहीतरी लिहिलं, चष्मा काढला, पुसला. मग मनिलाला जाऊन त्या परत आल्या आणि धावपट्टीवरच सही केली. जाताना भाजलेल्या डुकराचा एक तुकडा खाल्ला, उभ्याउभ्याच. फ्लोरो रडला. मी त्याला मिठी मारली, असं लोक सांगतात, मला आठवत नाही.

तर मानांग, यंत्र इथेच राहिलं, चादरीखाली. आता त्याच्याकडे तुलाच यावं लागेल. पुढच्या मंगळवारी पहिलं विमान मनिलाहून निघतं, तुझं तिकीट माझ्या शेअरच्या सवलतीत काढलंय. विमान भक्कम आहे, मी स्वतः चार वेळा टायर दाबून बघितलाय. काही एक भीती नाही. डोळे मिटून बस, पाऊण तासात घरी.

तुझा धाकटा,
क्रिस्पुलो

ता. क. सामान दहा किलोच. डेल्फिना कुणाचं ऐकत नाही, आता आम्ही सगळेच तिला घाबरतो.

ता. क. मी शनिवारच्या जहाजाने मनिलाला येतोय, तुला घेऊन परत यायला. तू म्हणशील, विमान कंपनीचा भागीदार जहाजाने का येतो? आता हे वाचून झाल्यावर फाडून टाक. मानांग, मी आयुष्यात कधी विमानात बसलेलो नाही. शिडीवर चढलो तरी पाय लटपटतात. दर रविवारी विमान पुसलं, पण बाहेरूनच. शाळेत जाताना ओढ्यावर बांबूचा पूल होता, तू माझा हात धरून म्हणायचीस, "डोळे मीट, मी आहे." मंगळवारी तसंच करशील का? खिडकीजवळ तू बस. आणि नानायला यातलं काही कळता कामा नये.

ता. क. मी नानाय. पाकीट मी किटलीच्या वाफेवर उघडलं, लिहितेय डेल्फिना. तो घाबरट आहे हे मला तो पाळण्यात असल्यापासून माहीत आहे, हात धर त्याचा. कापड पांढरं घेतलंय, काठ तुझ्या आवडीचा लाव. आणि यंत्राला तेल लागेल. (हे पुढचं डेल्फिना लिहीत नाही म्हणते, पेन माझ्याकडे दिलंय, अक्षर वाकडं येईल.) तेलाची बाटली मनिलाहून आण. छोटीच. मोज्यात घाल.