आतून न उघडणारं दार

मिलबर्न, मिसिसिपी
२ जून २०१४

ती. झेनोबिया आत्यास,
डेल्फीनचा शि. सा. न. वि. वि.

‘तू गाडी चालवता चालवता मेलीस, तर मागचं दार कोण उघडणार?’ हा प्रश्न मिस युलांनी मला काल चर्चच्या अंगणात सगळ्यांदेखत विचारला. आपल्या घरातली पहिली पदवीधर म्हणून जिचा फोटो तू तुझ्या दिवाणखान्यात लावलायस, ती त्याचं उत्तर तुझ्याकडे मागते आहे.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि बाबा पत्रात ‘सगळं क्षेम’ एवढंच लिहितात, म्हणून पहिल्यापासून सांगते. आपल्या चर्चच्या मंडळीतल्या तिघांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं: मिस युला, ब्रदर लीएंडर आणि त्यांची बहीण मिस ओनीडा. केंद्र चाळीस मैलांवर. चर्चची व्हॅन हिवाळ्यात मोडीत गेली. तेव्हा बाबा आणि चर्चचा कारभार बघणारे बाकीचे डीकन काउंटीच्या सरकारी लिलावात गेले आणि एकोणतीसशे डॉलरना पोलिसांची जुनी गाडी घेऊन आले. पोलिसांची म्हणजे दणकट, वेळच्या वेळी तेल बदललेली, आणि फक्त ब्याण्णव हजार मैल चाललेली, असं बाबा भेटेल त्याला सांगतात. जावई बघून आल्यासारखे.

मी शिकवते ती शाळा सुरू होईपर्यंत गाडी मी चालवते. दारावरचा पोलिसांचा तारा खरवडून काढलाय, पण त्याची सावली उन्हात अजून दिसते. पुढची प्रत्येक गाडी आम्हाला आरशात बघून दचकते आणि गोगलगाय होते, त्यामुळे आम्ही रोज उशिरा पोचतो. त्याचं हसू येतं. पण मागच्या दारांना आतून हँडलच नाही, काचाही मागून खाली होत नाहीत. कैद्यांसाठी ती व्यवस्था. ब्रदर लीएंडरांचा गुडघा वाकत नाही, म्हणून पुढची जागा त्यांची. मिस युला पहिल्या दिवशी मागे बसल्या, दारावरून हात फिरवला, मला दार उघडायला लावलं आणि उतरल्या. त्यानंतर बसलेल्या नाहीत. एक डायलिसिस चुकलंय. आज त्यांचे पाय बुटात मावत नव्हते.

बाबा म्हणतात, म्हातारीचा हट्ट आहे, उतरेल. मला तो हट्ट वाटत नाही. तुला काय वाटतं ते लिही.

तुझ्या लोभाची भुकेली,
डेल्फीन

*

शिकागो
११ जून

चि. डेल्फीनला,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

माझ्या भावाला किंमत दिसली की बाकी काही दिसत नाही. मांजराला दूध दिसतं, काठी दिसत नाही, तसं. मी इथे चालवायचे ती टॅक्सीसुद्धा पोलिसांचीच जुनी गाडी होती, हे तो विसरला वाटतं. मला एका शब्दाने विचारलं असतं तर काय त्याची डीकनकी गेली असती?

मैलांवर जाऊ नकोस, पोरी. शिपाई रस्त्याच्या कडेला आठ-आठ तास बसतो, आणि गारव्यासाठी, दिव्यांसाठी, रेडिओसाठी इंजिन चालूच ठेवतो. चाकं फिरत नाहीत, इंजिन मात्र झिजतं. इंजिन किती तास चाललंय ते गाडी मोजत असते. किल्ली फिरवून मैलांच्या आकड्याशेजारचं बटण दाबून बघ. एका तासाचे तीस-एक मैल धर. मग बाबाला बोलाव आणि त्याला खुर्ची दे.

बाकी काय निघेल तेही सांगून ठेवते. दिवे आणि रेडिओ काढताना तारा कात्रीने कापलेल्या असतात, म्हणून रात्रीत बॅटरी उतरते. छपराला अँटेनाची भोकं राहिलेली असतात. गालिच्याखाली हात घालून ओल बघ. पुढच्या चाकांचे सांधे गेलेले असतील, कारण पाठलागात कुणी खड्डा बघत नाही. रेडिएटर. आणि सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत महाग, गिअरबॉक्स.

दारांवरून मात्र बापाशी भांडू नकोस. गाडी आधी चालली पाहिजे. दारांचं मागाहून बघता येईल. युलाला सांग, झेनोबियाने बस म्हणून सांगितलंय. ती माझं ऐकेल. (ऐकणार नाही, पण सांग.)

जेवत जा. शिकलेल्या मुली वाळतात.

तुझी,
झेनोबिया आत्या

*

मिलबर्न
१४ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सहा हजार एकशे तास! म्हणजे जवळजवळ दोन लाख मैलांची म्हातारी आमच्याकडे ब्याण्णव हजारांची नवरी म्हणून नांदायला आली. बाबांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत, नुसते घाम पुसत राहिले.

तू लिहिलेलं सगळं ओळीने निघालं. वायरिंगचे दोनशे चाळीस गेले. पुढच्या सांध्यांचे पाचशे साठ, रेडिएटरचे तीनशे ऐंशी. त्यासाठी बायकांनी दोन शनिवार उन्हात उभं राहून तळलेला मासा विकला. आता गिअरबॉक्स कोल्ह्यासारखा रडतो, आणि गॅरेजवाला त्याचे अठराशे मागतो.

पण मी चिडले आहे ती त्यावर नाही. भंगारातून हँडलं आणून दोन्ही मागची दारं दुरुस्त करायला नव्वद डॉलर लागतात. नव्वद! मी कमिटीपुढे उभी राहिले. पाचही डीकनांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ठरवलं की गाडीच्या चालण्याशी ज्याचा संबंध नाही तो खर्च तूर्त नको. अठराशेवर चर्चा झाली, नव्वदवर नकाराची मान हलली. आत्या, त्या पाचांपैकी एकही जण कधी मागे बसलेला नाही. गाडी चालणं म्हणजे काय, हे पुढे बसणाऱ्यांनी ठरवायचं का? माझा आवाज चढला. बाबा नंतर म्हणाले की मी कॉलेजातून डोकं आणलं, पण जीभ तिथेच धुवायला टाकून यायला हवी होती.

काउंटीच्या कचेरीतही गेले. तिथली बाई गोड हसली आणि म्हणाली की गाडी ‘आहे तशी’ विकलेली आहे, आणि हँडल नसणं हा दोष नसून सोय आहे. मी विचारलं, कुणाची सोय? तिने पुढच्या माणसाला बोलावलं.

आणि गेल्या बुधवारी व्हायचं ते झालं. पेट्रोल भरून मी पैसे द्यायला आत गेले, तेवढ्यात बॅटरीने मान टाकली आणि गार हवा बंद पडली. किती टळटळीत ऊन होतं म्हणून सांगू. ब्रदर लीएंडर तो पाय घेऊन कसेबसे बाहेर पडेपर्यंत मिस ओनीडा मागे काचेवर पर्सने ठोकत होत्या. मी धावत आले तेव्हा त्यांच्या ओठांना कोरड पडली होती. घरी येईपर्यंत त्यांनी पर्स हातातून खाली ठेवली नाही, पुन्हा ठोकावं लागेल म्हणून.

मिस युला भाच्याच्या ट्रकमधून जमेल तेव्हा जातात. या महिन्यात तीनदा चुकलं. परवा त्यांना चर्चच्या चार पायऱ्या चढून धाप लागली. नर्स म्हणाली की असं चालू राहिलं तर त्या नोव्हेंबरातलं थँक्सगिव्हिंग बघणार नाहीत. तुझा निरोप त्यांना दिला. त्या म्हणाल्या, झेनोबियाला सगळं माहीत असून ती हे कसं म्हणते?

काय माहीत आहे तुला?

तुझी,
डेल्फीन

*

शिकागो
२१ जुलै

चि. डेल्फीनला,
अनेक आशीर्वाद.

युलाने मला बरोबर जागी पकडलं. ऐक.

त्रेसष्ट सालच्या जुलैमध्ये आम्ही सात जणी मतदार म्हणून नाव नोंदवायला कोर्टात गेलो. मी एकोणीस वर्षांची होते, रांगेत सगळ्यांत मागे. काळ्यांनी मत मागायचं नाही म्हणून पुढच्या चौघींना काउंटीच्या पोलिसांनी धरलं, गाडीच्या मागच्या सीटवर कोंबलं, काचा वर केल्या, गाडी कोर्टामागे उन्हात उभी केली आणि जेवायला गेले. दुपारपासून दिवस कलेपर्यंत त्या आत होत्या. मी समोरच्या झाडाखाली उभी होते. दार बाहेरून उघडत होतं, डेल्फीन. मी पंधरा पावलांवर होते आणि माझ्याच्याने जाववलं नाही. शेवटी त्यांनीच दार उघडलं. तिघींना उचलून काढावं लागलं. युला आपल्या पायांनी उतरली, झगा झटकला आणि शिपायाला विचारलं, अर्ज कुठे मिळतो?

तीच काउंटी. तिनेच विकलेली गाडी. आणि मी तिला सांगते, बस म्हणून! मला शरम वाटते.

माझा आधीचा सल्ला चुलीत घाल. आधी दार. इंजिन गेलं खड्ड्यात. सोबत नव्वदची मनी ऑर्डर आहे, आणि ती कमिटीच्या हातात देऊ नकोस.

तुझी,
आत्या

*

मिलबर्न
४ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी बाबांच्या ताटाशेजारी ठेवलं. त्यांनी ते वाचलं, घडी घातली, आणि मक्याची भाकरी तशीच टाकून उठले. एवढंच म्हणाले की गुरुवारच्या बैठकीत विषय पुन्हा घेऊ. मी म्हटलं, अकरा तारखेपासून माझी शाळा सुरू होते आहे, मग गाडी तुम्ही चालवणार. रक्तातली साखर उतरली की तुम्ही खुर्चीतल्या खुर्चीत कलंडता. मिस युलांचा प्रश्न आता तुम्हाला आहे. त्यावर त्यांनी टोपी घातली आणि बाहेर गेले.

मी गुरुवारची वाट बघितली नाही.

भंगारवाल्याकडे याच बनावटीची एक गाडी सापडली, जन्मभर टॅक्सी म्हणून चाललेली. तुझी आठवण आली. तिच्या मागच्या दारांची आतली बाजू हँडलं, सळया आणि काचांच्या बटणांसकट काढून आणली. शनिवारी चर्चच्या अंगणात पेकानच्या झाडाखाली गाडी उभी केली आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसले. पहिल्या दारात माझी बोटं सोलली. दुसऱ्या दाराच्या वेळी माझ्यावर सावली पडली. बाबा होते. मला वाटलं, आता भांडण. त्यांनी खाली वाकून बघितलं, तो स्क्रू तिरका गेलाय म्हणाले, माझ्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि स्क्रू सरळ केला. नंतर ते मागच्या सीटवर जाऊन बसले आणि मला बाहेरून दार लावायला सांगितलं. काचेतून मला त्यांचा चेहरा दिसत होता. ते लगेच बाहेर आले नाहीत. बराच वेळ हात हँडलवर ठेवून बसले होते. उतरल्यावर माझ्याकडे न बघताच म्हणाले की दार जरा जड आहे, तेल घाल.

आज सकाळी मिस युलांच्या दारात गाडी नेली. त्यांनी आधी बाहेर उभं राहून दार उघडलं, लावलं, उघडलं. मग आत बसून तेच केलं. मग तांबड्या दिव्यापाशी, चालू रस्त्यात! मी ओरडले. त्या म्हणाल्या, बघत होते अजून उघडतंय का. केंद्रापाशी मी सवयीने त्यांच्या दाराकडे धावले, तर त्यांनी काचेतून बोट वर करून मला आहे तिथे थांबवलं. स्वतः उतरल्या, झगा झटकला आणि आत गेल्या. तुझ्यासाठी निरोप आहे: झाडाखाली तू उभी होतीस ते त्यांना गाडीतून दिसत होतं, आणि तू निघून गेली नाहीस एवढंच त्यांनी लक्षात ठेवलंय.

गिअरबॉक्स अजून रडतो. गुरुवारी कमिटी बसेल आणि मागच्या दारांना हँडलं बसवावीत की नाही यावर मत घेईल. घेऊ दे बापडी. हँडलं बसली आहेत, आणि मिस युला आज मागच्या सीटवरून गेल्या आणि आल्या.

माझ्यावरची माया रागासकट वाढत राहू दे.

तुझी,
डेल्फीन