मरून कोट

म्युनिक, शनिवार, ऑक्टोबर २००६

आज सासूबाई हरवल्या होत्या. सापडल्या, घरी आल्या, तेव्हा कुठे हे लिहायला बसले.

इथल्या एका जुन्या काउफहाउसमध्ये, म्हणजे बहुमजली दुकानात, पानगळीचे नवे कपडे आलेत, आणि तळमजल्यावर भोपळ्यांच्या राशीत मान हलवणाऱ्या लाकडी खारी. त्या बघताना मी जरा पुढे गेले, वळले तर आई नाहीत! जवळ फोन नाही, जर्मन येत नाही. सगळा मजला पालथा घातला. त्यांच्या लेकाला, सुहासला, काय तोंड दाखवणार होते मी?

दिसल्या एकदम वरच्या मजल्यावर. सरकत्या जिन्याला घाबरतात, मग गेल्या कशा? आरशासमोर उभ्या होत्या, साडीवर मरून कोट घालून. दुकानातली एक वयस्कर बाई बटणं लावून देत होती. मरून! बाबा गेल्यापासून त्यांनी फिकट रंगांशिवाय काही अंगाला लावलं नव्हतं.

"अहो आई, किती शोधलं तुम्हाला!"

"अगं, ही सारखी 'श्योन, श्योन' म्हणतेय. म्हणजे काय?"

"छान दिसतोय म्हणतेय."

"मग घेऊ या का गं?"

रागवायचं होतं मला. पण हो म्हणतानाच रडू फुटलं. घरी येईपर्यंत त्यांनी कोट काढलाच नाही.