मेथीच्या सैल जुड्या

शेळगाव, सोमवार, ११ डिसेंबर १९९५

धाकटे भाऊजी आज माळेगावहून भावाला बघायला आले. बघायला कसले, कीव करायला. हे ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. कंपवातानं हात थरथरतात, एका जुडीला फार वेळ लागतो. लागू दे. सकाळी उठायला काहीतरी कारण नको का माणसाला?

"वहिनी, आजारी माणसाला कामाला जुंपता व्हय?" म्हणत भाऊजींनी ह्यांच्या हातातली सुतळीच काढून घेतली. सगळ्या सैल जुड्या सोडल्या, करकचून बांधल्या आणि उपकार केल्यासारखा चहा पिऊन गेले. कारखान्यात खुर्ची उबवणाऱ्याला मेथी काय कळणार? पण मी तरी तोंड मिटून का बसले?

ते गेल्यावर ह्यांनी एक जुडी ओढून घेतली. "असं आवळल्यावर देठं मोडत्यात. बाजारात जाईस्तोवर पाला काळा पडंल." आणि गाठ सोडायला लागले. माझ्या भाकरी थापून झाल्या तरी तीच एक गाठ चालली होती. दोनदा माझा हात पुढं गेला. मग भाऊजी आठवले, आणि तो हात मी पदरात गुंडाळून ठेवला.