मधोमध कुंकू

डोंबिवली, मंगळवार, मार्गशीर्ष १९५४

आज हिला इस्पितळातून घरी आणले. डोक्यातली गाठ साधी निघाली, मेंदूच्या आवरणावरची, सबंध काढली, असे डॉक्टर म्हणाले. मी तीनदा विचारले, तरी धाकधूक जाईना. नजर सुधारली का? गाठीमुळे दिसेनासे होऊन हिचे कुंकू भुवईकडे सरकायचे, आणि मी मूर्ख हिलाच वेंधळी म्हणून रागवायचो.

मी टांग्यातून वळकटी उतरवत होतो. हिचे भादरलेले डोके, रिकामे कपाळ पाहून शेजारच्या सखूबाई दारातच रडू लागल्या. ही म्हणाली, "अहो, पुढे या. तुम्ही जिवंत आहात हे त्यांना दिसू दे!"

मग आरसा मागून स्वतः कुंकू लावले. मी दोरा घेऊन मापायला गेलो. "पुरे हो!" म्हणाली. अगदी मधोमध. पुन्हा मापले. मधोमधच.