तिसऱ्यांदा उकळलेली सुई

धानोरा, पौष वद्य पंचमी, शके १८७७. संध्याकाळ.

सोमाजीभाऊंच्या पोटातली गाठ आता बरी होणार नाही, हे दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरांनीच सांगितलेलं. मग वेदना शमवणाऱ्या मॉर्फियाची सुई ते तिसऱ्यांदा का उकळत होते? जंतूंसाठी? छे, भीतीपोटी.

"भाऊ माझ्या सुईनंच गेले तर?" डॉक्टरांनी मला हळूच विचारलं. मी संस्कृत शिकलेला वार्ताहर; मृत्यूला दहा प्रतिशब्द पाठ, धीराचा एक शब्द सुचेना.

भाऊंची बायको जानकाबाई शेवटी ओरडलीच, "डाक्तरसायेब, सुई शिजवून राह्यले का भात? हे जानारच, मले मालूम हाये. पन असे तडफडत नोको!"

डॉक्टरांनी सुई टोचली. थोड्या वेळानं भाऊंची वळलेली मूठ सुटली. "जेवली का तू?" त्यांनी बायकोला विचारलं.

पुढच्या सुईची वेळ डॉक्टरांनी स्वतःहून लिहिली. खाली कंपाउंडरसाठी सूचना: सुई एकदाच उकळावी.